मापो टोफू घरच्या कढईत: तर्री, तिरफळ आणि न मोडणारा टोफू

तिरफळाचं एक सुकं साल जिभेवर ठेवा, दाताखाली हलकं चावा आणि अर्धा मिनिट काही बोलू नका. आधी लिंबाच्या सालीसारखा, जरासा लाकडी वास येतो. मग जिभेच्या टोकाला मुंग्या येतात, ओठ थरथरल्यासारखे वाटतात आणि थोड्या वेळाने जीभ आपली नाहीच असं होतं. बांगड्याच्या तिखल्यात आपण तिरफळं टाकतो ती वासापुरती, आणि ताटात आली की बाजूला काढतो. म्हणून हा अनुभव मुद्दाम घेतलेली माणसं थोडीच. चीनच्या सिचुआन प्रांतात मात्र याच मुंग्यांसाठी स्वयंपाक करतात. तिरफळाचं तिथलं भावंड म्हणजे हुआजियाओ. दोन्ही एकाच झान्थॉक्झायलम गणातली, आणि हा गण लिंबू, बेल, कढीपत्ता यांच्या कुळातला. मिऱ्याशी त्याचं काही नातं नाही.

त्या बधिरपणाला तिकडे ‘मा’ म्हणतात, तिखटपणाला ‘ला’. दोन्ही मिळून ‘माला’, आणि ही चव ज्या एका पदार्थात सगळ्यात नीट कळते तो मापो टोफू. लाल तेलाच्या तवंगात बुडालेले लुसलुशीत टोफूचे तुकडे, त्यावर कुरकुरीत खिमा आणि वरून हुआजियाओची पूड. गेली काही वर्षं मी तो घरी करते आहे आणि माझं मत असं झालंय की मराठी माणसाला यातलं अवघड ते आधीच येतं. मसाल्याला तेल सुटेपर्यंत परतायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, आणि तिरफळ ओळखीचंच आहे. शिकावं लागतं ते हातातला डाव आवरायला.

पदार्थ सिचुआनमधल्या चेंगदू शहरातला. १८६२ च्या सुमारास शहराच्या उत्तरेला वानफू पुलाजवळ चेन कुटुंबाची एक साधी खानावळ होती. पुलावरून तेलाचे हमाल ये-जा करायचे. ते आपल्याजवळचं थोडं तेल आणि विकत आणलेला टोफू, मांस द्यायचे आणि खानावळीतली बाई त्यांना शिजवून द्यायची, असं सांगतात. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. ‘मा’ म्हणजे वण आणि ‘पो’ म्हणजे म्हातारी बाई, म्हणून मापो टोफू. गंमत अशी की वणांसाठीचं ‘मा’ हे अक्षर आणि बधिरपणाचं ‘मा’ हे अक्षर लिहायला एकच आहे. या गोष्टीतून एक कामाची गोष्ट कळते: हे अंगमेहनत करणाऱ्यांचं जेवण आहे, त्यात तेल भरपूर असतं आणि ते भाताबरोबर खायचं असतं. तेल कमी करून ‘हेल्दी’ मापो टोफू करायला जाल तर हाती टोफूची आमटी येईल.

आणि ‘शेजवान’? आपल्या गाड्यांवरचा शेजवान राईस, शेजवान डोसा यांचं नाव सिचुआनच्याच जुन्या इंग्रजी स्पेलिंगवरून आलं. ती चटणी लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगरची, अस्सल भारतीय. मलाही आवडते. पण तिच्यात ना हुआजियाओ असतो ना दौबानजियांग, म्हणजे बीन आणि मिरची मुरवून केलेलं वाटण (थोडक्यात दौबान), त्यामुळे ती बाटली आज कपाटातच राहू द्या.

सामान आणि त्यातल्या खाचाखोचा

तीन-चार जणांसाठी: मऊ टोफू ४०० ते ४५० ग्रॅम, मटणाचा खिमा १०० ग्रॅम, दौबानजियांग अडीच मोठे चमचे, दौची एक मोठा चमचा, हुआजियाओ दोन छोटे चमचे, बेडगी मिरचीची भरड पूड दीड छोटा चमचा, लसणाच्या चार मोठ्या पाकळ्या, आल्याचा पेराएवढा तुकडा, शेंगदाणा तेल पाच मोठे चमचे, सोया सॉस एक छोटा चमचा, साखर अर्धा छोटा चमचा, पाणी किंवा अळणी सूप सव्वा कप, कॉर्नफ्लॉवर दीड मोठा चमचा आणि मूठभर लसणाची पात. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा, छोटा ५ चा, कप २०० मिलिलिटरचा.

या यादीत मीठ नाही, हे विसरले म्हणून नाही.

दौबानजियांग हा या पदार्थाचा प्राण. चेंगदूच्या शेजारी फीश्येन नावाचा भाग आहे, तिथलं दौबान सगळ्यात नावाजलेलं. वालासारखे दिसणारे मोठे फाबा बीन, लाल मिरची, मीठ आणि थोडं पीठ, एवढंच त्यात असतं. मातीच्या मोठ्या रांजणांत ते मुरवतात. ऊन असेल तेव्हा झाकण उघडायचं आणि ढवळायचं, रात्रीचं दव लागू द्यायचं, पाऊस आला की झाकायचं, असं वर्षभर आणि चांगल्या मालाला त्याहून जास्त काळ चालतं. ज्यांच्या घरी लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवल्या-काढल्या जातात त्यांना यातलं काही वेगळं सांगायला नको. मुरत जातं तसा रंग लालभडकवरून विटकरी-तपकिरी होतो आणि चवीला एक खोली येते. विकत घेताना फीश्येनचं, घट्ट, डाळिंब्यांचे तुकडे दिसणारं घ्या. पातळ, चकचकीत, गोडसर सॉस त्या नावाने मिळतात, ते नकोत. ऑनलाइन किंवा मोठ्या शहरांतल्या आयात मालाच्या दुकानांत मिळतं. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि कोरडाच चमचा घालायचा.

दौबानला खरा पर्याय नाही. अगदीच मिळालं नाही आणि हौस दांडगी असेल, तर जपानी मिसोमध्ये (सोयाबीन मुरवून केलेल्या खारट पेस्टमध्ये) भिजवून वाटलेली बेडगी मिरची निम्मी-निम्मी मिसळून काम भागवता येतं. पदार्थ चविष्ट होईल, पण त्याला मापो टोफू म्हणायला माझी जीभ जरा अडखळते.

दौची म्हणजे खारवून मुरवलेले काळे सोयाबीन, मनुकांसारखे सुरकुतलेले. नसतील तर सोया सॉस चमचाभर जास्त घाला आणि पुढे चला.

मिरचीबद्दल दोन शब्द. सिचुआनमध्ये एरजिंगत्याओ नावाची लांब मिरची वापरतात. तिला रंग आणि वास भरपूर, तिखटपणा मध्यम. म्हणजे आपली बेडगीच म्हणा. झणझणीत हवं असेल तर चिमूटभर लवंगी घाला, पण सगळी लवंगी घातलीत तर मुंग्यांची मजा तिखटात बुडून जाईल. मिरची तिकडचीही मूळची नव्हेच. अमेरिका खंडातून ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याला आली आणि सिचुआनमध्ये तिची नोंद अठराव्या शतकातली. हुआजियाओ मात्र तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

हुआजियाओ घेताना लालसर, उकललेली टरफलं बघा. आतलं काळं बी जितकं कमी तितकं बरं, कारण त्याला चव नसते आणि दाताखाली वाळूसारखं कचकचतं. तिरफळाचं बीही आपण टाकूनच देतो, तसंच. हुआजियाओ मिळाला नाही तर तिरफळ वापरायला माझी काहीच हरकत नाही. वास वेगळा येतो, जास्त रानटी, पण मुंग्या येतात. आधी सांगितलेल्या मापाच्या निम्मं घाला, चव बघा, मग वाढवा.

या मुंग्यांवर २०१३ साली लंडनमधल्या संशोधकांनी एक मजेशीर प्रयोग केला होता. लोकांच्या ओठांवर हुआजियाओ लावला, बोटावर यंत्राने कंपनं दिली आणि दोन्ही सारखं कधी वाटतं ते विचारलं. उत्तर आलं साधारण ५० हर्ट्झ. आपल्या घरातली वीजही तेवढ्याच कंपनांची. ओठांना करंट लागल्यासारखं झालं असं कुणी म्हणालं तर ते अगदीच वावगं नाही. हा प्रताप सँशूल नावाच्या द्रव्याचा. ते तिखटाच्या नाही, स्पर्शाच्या नसांना डिवचतं.

आता टोफू. पाकिटातला घट्ट टोफू, जो आपण पनीरच्या बदली परततो, तो इथे चालत नाही. पनीर तर नाहीच. हवा तो सिल्कन किंवा सॉफ्ट लिहिलेला, पाण्यात किंवा खोक्यात बंद केलेला, खरवसासारखा थरथरणारा. सिल्कन फारच नाजूक असतो, पहिल्यांदा करणाऱ्याने सॉफ्ट घ्यावा. घट्टच मिळाला तर तोच घ्या, फक्त रश्श्यात दहा मिनिटं जास्त शिजवा आणि लुसलुशीतपणाची अपेक्षा सोडा.

तेल सिचुआनमध्ये रेपसीडचं वापरतात. मोहरीचं उग्र पडतं. आपलं घाण्याचं शेंगदाणा तेल छान लागतं. मांस तिथे पूर्वीपासून गाईचं. माझ्या घरी मटणाचा खिमा असतो. तो चरबीसकट आणा, कोरडा खिमा चिवट होतो.

सुरुवात करण्याआधी

एकदा कढई तापली की पुढचं सगळं पंधरा मिनिटांत होतं आणि मधे लसूण सोलायला वेळ नसतो. म्हणून सगळं चिरून वाट्यांमध्ये ओट्यावर मांडून ठेवा. भातही आधीच लावा. मी इंद्रायणी लावते, चिकटसर असल्यामुळे रस्सा धरून ठेवतो. सुटा मोकळा बासमती इथे उगाच.

हुआजियाओ कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं भाजा. घरभर वास सुटला की लगेच ताटलीत काढा. काळा पडला तर कडू होतो आणि मग वाचवता येत नाही. गार झाल्यावर खलबत्त्यात कुटा आणि चहाच्या गाळणीतून चाळून घ्या. वर राहिलेला पांढरट भुसा टाकून द्या. पूड आयत्या वेळी करण्याची आहे. बाटलीतली महिन्यापूर्वीची पूड म्हणजे नुसता भुसा.

दौबान पाट्यावर घेऊन सुरीने बारीक चिरा, नाहीतर त्यातल्या डाळिंब्या आणि मिरचीची सालं मोठी राहतात आणि तेलात रंग उतरत नाही. दौची धुऊन जाडसर चिरा. आलं-लसूण बारीक चिरा, पेस्ट नको. पेस्टमधलं पाणी तेलात तडतडतं आणि परतायला वेळ घेतं.

टोफूचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. पातेल्यात पाणी गरम करा, चमचाभर मीठ घाला, आणि पाणी रटरटायच्या अलीकडे, नुसतं थरथरत असताना तुकडे अलगद सोडा. पाच मिनिटं मंद आचेवर तसेच राहू द्या. या पाण्याने चार कामं होतात: कच्च्या सोयाबीनचा वास जातो, तुकडे आतपर्यंत गरम होतात, जरा घट्ट होतात आणि अंगातलं थोडं पाणी सोडतात. गार टोफू थेट रश्श्यात टाकला तर तेच पाणी रश्श्यात उतरतं आणि सगळं पचपचीत होतं. पुढची तयारी होईपर्यंत गॅस बंद करून तुकडे याच पाण्यात ठेवा.

कढईवर

एक चमचा तेलात खिमा मोठ्या आचेवर टाका आणि उलथण्याने मोकळा करत राहा. आधी तो पाणी सोडतो आणि रटरट आवाज येतो. पाणी आटलं की आवाज बदलून चुरचुर होतो. आपण सहसा इथे थांबतो. थांबू नका, अजून दोन मिनिटं परता, कण सुटे आणि कडक व्हायला हवेत. चेंगदूत या पदार्थाच्या लक्षणांत टोफू कोवळा आणि मांस खुसखुशीत असं स्पष्ट सांगतात. बाहेर काढून ठेवा.

आता आच कमी करा. अगदी कमी. उरलेलं तेल त्याच कढईत घाला, कोमट झालं की चिरलेलं दौबान घाला. पदार्थाचं भवितव्य पुढच्या दोन मिनिटांत ठरतं. सुरुवातीला तेल पिवळं असतं आणि मधोमध चिखलासारखा गोळा बसलेला असतो. ढवळत राहा. गोळ्याच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागतात. अर्ध्या मिनिटाने कढई तिरकी करून बघा, कडेला जमलेलं तेल केशरी दिसेल. अजून परता. बरणी उघडल्यावर येणारा आंबूस, खारट वास हळूहळू जाऊन भाजक्या मिरचीचा, जरा गोडसर वास येतो, आणि तेल मिसळीच्या तर्रीसारखं लाल, पारदर्शक होतं. एवढं झालं की समजा जमलं. घाईने आच वाढवली तर दौबान खाली लागतं, तेल लाल होण्याऐवजी काळपट होतं, आणि काळपट तेल म्हणजे परत पहिल्यापासून.

मोठी भडकती आच, उंच ज्वाळा, कढई उडवणं हे सगळं फ्राइड राइससाठी ठीक. हा पदार्थ घरच्या गॅसच्या मंद आचेवरच चांगला होतो.

तेल लाल झालं की आलं, लसूण, दौची घालून अर्धा मिनिट परता. लसूण तांबूस नको, फक्त कच्चेपणा जायला हवा. मिरचीची पूड घाला, दहापर्यंत मोजा आणि लगेच पाणी किंवा सूप ओता. मिरचीपूड गरम तेलात बघता बघता करपते, म्हणून पाण्याचं भांडं हातात धरूनच पूड घालायची. सोया सॉस आणि साखर घाला. साखर गोडव्याला नाही, खारटपणा जरा गोलसर करायला.

रस्सा उकळला की टोफू झाऱ्याने निथळून त्यात सोडा. आणि आता डाव बाजूला ठेवा.

पहिल्यांदा मी हा पदार्थ केला तेव्हा सवयीने दोन चुका केल्या. रश्श्यात मीठ घातलं, आणि बटाट्याची भाजी हलवावी तसा टोफू हलवला. पाच मिनिटांनी कढईत खारट भुर्जी होती. घरच्यांनी पोळीबरोबर निमूट खाल्ली, पण त्या दिवशी पाण्याचा माठ संपला. दौबान, दौची, सोया सॉस तिन्ही खारट, टोफूही मिठाच्या पाण्यातून आलेला. मीठ घालायचंच असेल तर शेवटी, चव बघून.

हलवायचं असेल तर डावाची पाठ टोफूवर टेकवा आणि आपल्यापासून दूर हलकेच ढकला. डाव खाली घालून वर ओढायचा नाही. किंवा कढईचे कान धरून ती गोल फिरवा. मंद आचेवर चार-पाच मिनिटं शिजू द्या. टोफूच्या पांढऱ्या कडा जराशा केशरी दिसायला लागतात.

दीड मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर तीन मोठे चमचे पाण्यात कालवा आणि ते तीन वेळा थोडं थोडं घाला. एकदम का नाही? पहिल्या वेळी रस्सा घट्ट होतो, पण टोफू आतून अजून पाणी सोडत असतो, म्हणून मिनिटभराने तो पुन्हा पातळ होतो. दुसऱ्या वेळी रस्सा तुकड्यांना चिकटायला लागतो. तिसऱ्या वेळी, आच मोठी करून, रस्सा तुकड्यांवर पक्का बसतो आणि कडेने लाल तेल पुन्हा वर येतं. दर वेळी कॉर्नफ्लॉवर खालून ढवळून घ्या आणि मधे अर्धा मिनिट उकळू द्या. शेवटी रस्सा इतका दाट हवा की भातावर टाकला तर वाहून ताटाच्या कडेला जाऊ नये. लगदाही नको, शंका आली तर तिसरा हप्ता निम्माच घाला.

खिमा परत घाला, इंचभर कापलेली लसणाची पात घाला, दोनदा ढकला, गॅस बंद. लसणाची पात चेंगदूतही याच पदार्थात घालतात. थंडीत ती आपल्या मंडईत ढिगाने येते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी हा मापो टोफूचा उत्तम मोसम. एरवी कांद्याची पात चालते. खोलगट भांड्यात काढा आणि वरून हुआजियाओची पूड सगळीकडे भुरभुरवा. पूड रश्श्यात शिजवायची नाही, वास उडतो. थोडी पूड वेगळ्या वाटीत टेबलावर ठेवा, कुणाला किती मुंग्या झेपतात ते ज्याचं त्याने ठरवावं. लहान मुलांसाठी पूड घालण्याआधीच काढून ठेवा.

लगेच खायला घ्या, गार झाला की निम्मी मजा जाते. पण पहिला घास फुंकून घ्या, टोफू बाहेरून शांत दिसतो आणि आतून चटका देतो. मुंग्या आल्यावर पाणी प्यायल्याने त्या जात नाहीत, पाण्याची चवच विचित्र लागते. थोड्या वेळाने आपोआप उतरतात.

बिनमांसाचा करायचा असेल

सुके शिटाके मशरूम पाच-सहा, कोमट पाण्यात तासभर भिजवा, घट्ट पिळा, खिम्याएवढे बारीक चिरा आणि खिम्यासारखेच पाणी आटून कडक होईपर्यंत परता. भिजवलेलं पाणी फेकू नका, गाळून सुपाच्या जागी घाला. श्रावणात मी असाच करते, आणि खरं सांगायचं तर दोन्हींतला कुठला जास्त आवडतो ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सोया चंक्सचा चुरा मात्र घालू नका. टोफूच्या जोडीला पुन्हा सोयाबीन म्हणजे वरणात डाळ घालण्यासारखं.

जपानमध्ये किंवा जपानी हॉटेलांत मापो टोफू खाल्लेल्यांना हा प्रकार कदाचित फार आडदांड वाटेल. सिचुआनचे आचारी चेन जियानमिन १९५२ साली जपानला गेले, १९५८ मध्ये त्यांनी टोकियोत हॉटेल काढलं आणि तिथल्या जिभेला झेपेल असा सौम्य मापो टोफू रुजवला. तसा हवा असेल तर दौबान एका चमच्यावर आणा, साखर दुप्पट करा आणि हुआजियाओ चिमूटभर ठेवा.

उरलाच तर फ्रीजमध्ये एक दिवस चांगला राहतो. डीप फ्रीजरमध्ये नको, टोफूचा स्पंज होतो. गरम करताना दोन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर, आणि हुआजियाओ पुन्हा ताजा भुरभुरवून. भांड्याच्या तळाशी राहिलेलं लाल तेल वेगळं काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तेलात अंडी फोडा, आणि ज्वारीची भाकरी गरम असतानाच खायला बसा.